पिवळं-लाल कार्ड नुसतं मोजू नका. खेळाडूची ‘शिस्त’ आकड्यांतून कशी वाचायची?

फुटबॉलचा सामना संपला की कट्ट्यावर चर्चा होते ती गोलची. कुणी मारला, कुणी पास दिला, गोलकीपर कुठं चुकला. कार्डांचा विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो: “पोरगं तापट आहे” किंवा “रेफ्रीनं घात केला.” पण युरोपातले मोठे क्लब, राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक आणि खेळाडू हेरणारी माणसं या कार्डांचा बारकाईनं हिशेब ठेवतात. किती फाऊल, किती कार्डं, कोणत्या मिनिटाला, मैदानाच्या कोणत्या भागात आणि कशासाठी, हे सगळं लिहून ठेवलं जातं. यालाच शिस्तीची आकडेवारी म्हणतात.

कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या जिल्ह्यात तालीम-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर ईर्षेनं खेळतात. आसपासच्या तालुक्यांतली पोरंही आता फुटबॉलकडं गंभीरपणे बघू लागली आहेत. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा खेळाडू २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हापासून तर अनेक घरांत ‘आपलं पोरगं का नाही?’ हा प्रश्न आला. अशा वेळी एखाद्या मुलावर ‘कार्डवाला’ असा शिक्का बसला, तर त्याची निवड हुकू शकते. तो शिक्का खरा की खोटा, हे आकडे नीट वाचले तर कळतं. अर्धवट वाचले तर तेच आकडे खेळाडूवर अन्याय करतात.

कार्ड आलं कुठून?

आज लाल-पिवळ्या कार्डाशिवाय फुटबॉलची कल्पना करता येत नाही. पण १९७० पर्यंत कार्ड नव्हतंच. रेफ्री तोंडी ताकीद द्यायचा. खेळाडूला त्याची भाषा कळली नाही तर गोंधळ ठरलेला. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढलं, तेव्हा तो बराच वेळ मैदान सोडायलाच तयार नव्हता. त्या स्पर्धेत पंचांचं काम बघणारे इंग्लंडचे केन ॲस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलवरून कल्पना सुचली: पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा वापरली गेली. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत एकाही खेळाडूला बाहेर जावं लागलं नाही. विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कॅझेली याला मिळालं.

भाषेची अडचण दूर करायला आलेल्या या कार्डाचा एक फायदा पुढं झाला. शिस्त मोजता येऊ लागली. तोंडी ताकदीची मोजदाद अवघड असते, कार्डाची सोपी. पण जे सोपं मोजता येतं तेच सगळं खरं, असं समजण्याची चूक इथूनच सुरू होते.

फाऊल, पिवळं, लाल: नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम फाऊल आणि गैरवर्तनाचा आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत.

- खेळाडूनं निष्काळजीपणे धक्का दिला किंवा पाय घातला, तर नुसता फाऊल. कार्ड नाही.
- समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता बेदरकारपणे घुसला, तर पिवळं.
- गरजेपेक्षा जास्त ताकद वापरली, समोरच्याला इजा होईल असं केलं, तर लाल.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण पिवळं कार्ड टॅकलशिवायही मिळतं. रेफ्रीशी हुज्जत घालणं, वेळकाढूपणा करणं, फ्री किकच्या वेळी ठरलेलं अंतर न सोडणं, गोल मारल्यावर जर्सी काढणं, वारंवार छोटे-छोटे फाऊल करणं, ही सगळी पिवळ्या कार्डाची कारणं आहेत. लाल कार्डही नुसतं मारामारीसाठी नसतं. समोरच्याची गोलची स्पष्ट संधी चुकीच्या मार्गानं हिरावली, तरी लाल मिळतं. त्यातही २०१६ मध्ये बदल झाला. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना फाऊल झाला, तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड पुरेसं मानलं जाऊ लागलं. म्हणजे त्याआधीचं आणि नंतरचं लाल कार्ड एका तराजूत तोलता येत नाही.

दोन पिवळी कार्डं, एकच सामना

हा मुद्दा समजायला २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासारखं उदाहरण नाही. स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. रेफ्री हॉवर्ड वेब यांनी त्या सामन्यात १४ वेळा पिवळं कार्ड बाहेर काढलं.

त्यातलं एक कार्ड नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगला मिळालं. उंच चेंडूसाठी झेपावताना त्याच्या बुटाचा तळ थेट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसला. वेब यांनीच नंतर सांगितलं की तो प्रकार आपल्याला नीट दिसला नव्हता, तिथं लाल कार्ड द्यायला हवं होतं.

दुसरं कार्ड स्पेनच्या आंद्रेस इनिएस्टाला. ११६ व्या मिनिटाला त्यानं विश्वचषक जिंकून देणारा गोल मारला, जर्सी काढली आणि आतल्या बनियनवर लिहिलेलं आपल्या दिवंगत मित्राचं, दानी हार्के याचं नाव जगाला दाखवलं. जर्सी काढली म्हणून पिवळं.

आता आकडेवारीचा तक्ता उघडा. डी याँग: पिवळं १. इनिएस्टा: पिवळं १. तक्त्याला दोन्ही सारखेच. छातीवर लाथ आणि मित्राची आठवण, दोन्हीची नोंद एकाच रकान्यात, एकाच आकड्यानं. म्हणून शिस्तीची आकडेवारी वाचताना पहिला प्रश्न ‘किती?’ नसून ‘कशासाठी?’ असा असला पाहिजे.

एकूण कार्डं नव्हे, दर बघा

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हंगामातल्या एकूण कार्डांवरून दोन खेळाडूंची तुलना करणं. समजा, संघात अ आणि ब असे दोन खेळाडू आहेत. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.)

- अ: १,८०० मिनिटं खेळला, ४० फाऊल, ६ पिवळी.
- ब: ६०० मिनिटं खेळला, १० फाऊल, ४ पिवळी.

वरवर बघितलं तर अ जास्त बेशिस्त दिसतो. पण तो तिप्पट वेळ मैदानावर होता. म्हणून विश्लेषक ‘दर ९० मिनिटांमागं किती’ असा हिशेब करतात. रीत सोपी आहे: कार्डांची संख्या गुणिले ९०, भागिले खेळलेली मिनिटं.

अ चा दर येतो ६ × ९० ÷ १,८०० = ०.३०. म्हणजे साधारण तीन पूर्ण सामन्यांमागं एक कार्ड. ब चा दर ४ × ९० ÷ ६०० = ०.६०. म्हणजे ब ला दुप्पट वेगानं कार्डं मिळतात.

पुढचा हिशेब ‘किती फाऊलमागं एक कार्ड’ याचा. अ ला ४० फाऊलमध्ये ६, म्हणजे जवळपास ७ फाऊलमागं एक. ब ला अडीच फाऊलमागं एक. यातून चित्र आणखी स्पष्ट होतं. अ फाऊल बरेच करतो, पण बहुतेक साधे. ब फाऊल कमी करतो, पण केला की जबर, किंवा त्याची कार्डं टॅकलची नसून तोंडाची आहेत. दोघांवरचा इलाज वेगळा. अ ला पाय कधी घालायचा ते शिकवावं लागेल. ब ला बहुधा तोंड बंद ठेवायला.

मात्र इथंही सावध राहावं. ६०० मिनिटं म्हणजे सातही पूर्ण सामने नाहीत. ब च्या चारपैकी एक कार्ड जर्सी काढल्याचं निघालं, तर दर लगेच ०.४५ वर येतो. एका घटनेनं आकडा एवढा हलत असेल, तर त्यावरून माणसाचा स्वभाव ठरवू नये. लाल कार्डाच्या बाबतीत तर ही अडचण आणखी मोठी. लाल कार्ड दुर्मीळ असतं. एका हंगामात एक किंवा शून्य, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रामोसचं कोडं

मग मोठ्या कारकिर्दीत आकडे खरं बोलतात का? बोलतात, पण तेही अर्धंच. सर्जिओ रामोसचं उदाहरण घ्या. रेआल माद्रिदकडून या बचावपटूनं ६७१ सामने खेळले आणि २६ लाल कार्डं घेतली. म्हणजे साधारण २६ सामन्यांमागं एक. एवढी लाल कार्डं बघून कुणीही म्हणेल, हा गडी संघाला बुडवणार.

पण हाच रामोस स्पेनकडून १८० आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तिथं लाल कार्डं किती? शून्य.

क्लबमधलाच दर देशाकडून खेळतानाही लागू झाला असता, तर १८० सामन्यांत सात-एक लाल कार्डं अपेक्षित होती. सातच्या जागी शून्य, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही. माणूस तोच, पाय तेच, डोकं तेच. मग फरक कशाचा? स्पेनचा संघ चेंडू स्वतःकडं ठेवून खेळायचा, त्यामुळं बचावपटूवर धावत मागं येऊन टॅकल करायची वेळ कमी यायची. देशाच्या सामन्यांत मैत्रीपूर्ण लढती बऱ्याच असतात, दुबळे प्रतिस्पर्धीही असतात. क्लबमध्ये मात्र आघाडीचे खेळाडू पुढं, बचाव मोकळा आणि बार्सिलोनासारखा कट्टर प्रतिस्पर्धी दरवर्षी समोर.

म्हणजे कार्ड नुसत्या स्वभावाचं नसतं. ते जागेचं, संघाच्या पद्धतीचं आणि समोरच्या संघाचंही असतं. आणखी एक गोष्ट: एवढी लाल कार्डं घेऊनही रामोसनं माद्रिदला चार वेळा चॅम्पियन्स लीग जिंकून देण्यात वाटा उचलला. कार्डांवरून त्याला संघाबाहेर ठेवणारा प्रशिक्षक पस्तावला असता.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा गॅरी लिनेकर. पूर्ण कारकिर्दीत त्याला एकही कार्ड मिळालं नाही. त्याचं कौतुक आहेच. पण तो आघाडीचा खेळाडू होता, टॅकल करणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. तुलना करायचीच तर जर्मनीच्या फिलिप लामशी करावी. बचावाच्या जागी इतकी वर्षं खेळूनही त्याला कधी लाल कार्ड मिळालं नाही. बचावपटूची तुलना बचावपटूशी, आघाडीच्या खेळाडूची आघाडीच्या खेळाडूशी, हा या हिशेबाचा पहिला नियम.

मुद्दाम घेतलेलं कार्ड

काही कार्डं रागाच्या भरात मिळतात, काही हिशेब करून घेतली जातात. आकड्यांत दोन्ही सारखीच दिसतात.

जानेवारी २०२० मध्ये स्पॅनिश सुपर कपच्या अंतिम सामन्यात, ११५ व्या मिनिटाला, अॅटलेटिको माद्रिदचा अल्वारो मोराता एकटाच रेआलच्या गोलकडं सुटला होता. फेडेरिको वाल्वेर्देनं त्याला मागून पाडलं. थेट लाल. पण गोल वाचला, सामना ०-० राहिला आणि रेआलनं पेनल्टी शूटआउटमध्ये चषक जिंकला. सामनावीर कोण? वाल्वेर्देच.

त्याआधी २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेच्या लुईस सुआरेझनं घानाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोलरेषेवर हातानं चेंडू अडवला. लाल कार्ड मिळालं, पण घानाची पेनल्टी हुकली आणि उरुग्वे शूटआउटमध्ये जिंकला. त्याची किंमतही मोजावी लागली. उपांत्य सामन्यात सुआरेझ नव्हता आणि उरुग्वे नेदरलँड्सकडून २-३ नं हरला. हे बरोबर की चूक यावर आजही वाद होतो. पण विश्लेषणापुरतं बोलायचं तर या लाल कार्डाला ‘डोकं फिरलं’ असं म्हणता येत नाही.

हिशेब अंगलटही येतो. चॅम्पियन्स लीगमध्ये तीन पिवळी झाली की एक सामना बंदी. फेब्रुवारी २०१९ मध्ये अॅजॅक्सविरुद्ध पहिला सामना रेआल २-१ नं जिंकत असताना रामोसनं शेवटी-शेवटी फाऊल करून पिवळं घेतलं. डाव असा की परतीच्या सामन्यात बंदी भोगायची आणि पुढच्या फेरीत कोऱ्या पाटीनं खेळायचं. सामन्यानंतरच्या त्याच्या बोलण्यातून हे उघड झालं आणि युरोपच्या फुटबॉल संघटनेनं बंदी दोन सामन्यांची केली. ती दुसरी बंदी लागायचीही वेळ त्या स्पर्धेत आली नाही. परतीच्या सामन्यात रामोसविना खेळणारा रेआल घरच्या मैदानावर १-४ नं हरला आणि बाहेर पडला.

कार्डामुळं काय-काय जातं?

शिस्तीचे आकडे म्हणजे नुसती शोभा नाही. त्यातून थेट नुकसान होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत ५ पिवळी झाली की एक सामना बंदी, ३२ सामन्यांपर्यंत १० झाली की दोन, आणि हंगामात १५ झाली की तीन सामने बाहेर. त्यामुळं चौथं कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्यात खेळवायचा की महत्त्वाच्या लढतीसाठी राखून ठेवायचा, हा हिशेब प्रशिक्षकाला करावाच लागतो.

ब्राझीलला ही किंमत घरच्या मैदानावर मोजावी लागली. २०१४ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात कर्णधार थियागो सिल्वा कोलंबियाच्या गोलकीपरला चेंडू टाकू न देता आडवा गेला. अगदी बिनकामाचं पिवळं कार्ड. पण ते स्पर्धेतलं दुसरं होतं, म्हणून उपांत्य सामन्याला मुकावं लागलं. नेमार दुखापतीनं बाहेर होताच. त्या सामन्यात जर्मनीनं ब्राझीलला ७-१ नं हरवलं. सिल्वा असता तर निकाल बदलला असता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण बचावाचा मुख्य खांब एका फालतू फाऊलपायी गेला हे खरं.

आणि २०१८ मध्ये तर कार्डांनी थेट संघ बाहेर काढला. जपान आणि सेनेगल यांचे गुण समान ४, मारलेले गोल ४, खाल्लेले गोल ४, आपसातला सामना २-२ बरोबरीत. मग निकाल लागला ‘फेअर प्ले’ गुणांवर. त्याचा हिशेब असा:

- पिवळं कार्ड: उणे १
- दोन पिवळ्यांमुळं लाल: उणे ३
- थेट लाल: उणे ४
- आधी पिवळं आणि मग थेट लाल: उणे ५

जपानची पिवळी ४, सेनेगलची ६. दोन पिवळ्या कार्डांच्या फरकानं सेनेगल घरी गेला. विश्वचषकात असं पहिल्यांदाच घडलं. जपाननं तर शेवटची काही मिनिटं पोलंडविरुद्ध ०-१ नं मागं असूनही चेंडू आपसातच फिरवत ठेवला, कारण दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरतोय हे त्यांना कळलं होतं आणि आणखी कार्ड परवडणारं नव्हतं.

रेफ्रीही माणूसच

गोल हा गोल असतो. कार्ड मात्र रेफ्रीच्या मतावर ठरतं. काही रेफ्री खिशात हात घालायला उतावीळ, काही शब्दानं भागवतात. देशोदेशीही फरक आहे. स्पेनमध्ये इंग्लंडपेक्षा कार्डं जास्त निघतात. म्हणून स्पेनमधून इंग्लंडला गेलेल्या खेळाडूची कार्डं कमी झाली, तर तो सुधारला की नुसता रेफ्री बदलला, हे तपासावं लागतं.

प्रेक्षकांचाही परिणाम होतो. २०२० मध्ये कोविडमुळं सामने रिकाम्या स्टेडियमवर झाले, तेव्हा अभ्यासकांना आयती संधी मिळाली. एरवी पाहुण्या संघाला यजमानांपेक्षा जास्त पिवळी मिळतात. प्रेक्षक गेले आणि अनेक अभ्यासांत हा फरक घटलेला दिसला. म्हणजे पाहुण्यांची काही कार्डं त्यांच्या फाऊलची नव्हती, गॅलरीतल्या आरड्याओरड्याची होती.

सर्वांत डोळे उघडणारा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता: गडद वर्णाच्या खेळाडूंना रेफ्री जास्त लाल कार्डं देतात का? इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि स्पेनमधल्या २,०५३ खेळाडूंची एकच आकडेवारी अभ्यासकांच्या २९ गटांना दिली. २० गट म्हणाले, होय, फरक आहे. ९ गटांना ठोस फरक आढळला नाही. आकडे तेच, प्रश्न तोच, उत्तरं वेगळी. कुणी खेळाडूची जागा धरली, कुणी धरली नाही. कुणी लीगचा फरक लक्षात घेतला, कुणी नाही. मोठमोठ्या अभ्यासकांचं असं होतं, तर कट्ट्यावर दोन आकडे बघून निकाल देणाऱ्यांनी थोडं थांबायला हरकत नाही.

उलट बाजूही आहे. कार्ड मिळालं नाही म्हणजे गुन्हा झाला नाही, असंही नसतं. २०१४ च्या विश्वचषकात सुआरेझनं इटलीच्या किएलिनीला चावा घेतला. रेफ्रीला दिसलं नाही, कार्ड निघालं नाही. नंतर जागतिक फुटबॉल महासंघानं त्याच्यावर ९ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलबंदी घातली. पण त्या सामन्याच्या कार्डांच्या रकान्यात त्याच्या नावापुढं शून्यच आहे.

आकडा संशय देतो, पुरावा नाही

आजकाल परदेशात कुणाला कार्ड मिळणार यावरही पैसे लावले जातात. त्यामुळं ठरवून कार्ड घेतल्याचे आरोपही होतात. तेव्हा वेस्ट हॅमकडून खेळणारा ब्राझिलियन खेळाडू लुकास पाकेटा याच्यावर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं मे २०२४ मध्ये आरोप ठेवले, की नोव्हेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ मधल्या चार सामन्यांत त्यानं मुद्दाम पिवळी कार्डं घेतली. दोष सिद्ध झाला असता तर त्याची कारकीर्दच संपली असती. २०२५ च्या जुलैमध्ये निकाल आला: कार्डांबाबतचे आरोप सिद्ध झाले नाहीत. मधलं वर्षभर मात्र तो त्या टांगत्या तलवारीखाली खेळला. आकड्यांत काही विचित्र दिसलं तर चौकशी जरूर व्हावी. पण चौकशीआधीच निकाल लावला, तर एखाद्याचं आयुष्य पणाला लागतं.

आपल्या संघासाठी वही कशी ठेवायची?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शंभर पानी वही आणि मैदानाकडं लक्ष ठेवणारा एक माणूस पुरे. बदली खेळाडूंच्या बाकावरचा एखादा मुलगाही हे काम करू शकतो. प्रत्येक सामन्यात एवढं लिहा:

- प्रत्येक खेळाडू किती मिनिटं खेळला.
- त्यानं किती फाऊल केले आणि त्याच्यावर किती झाले. जास्त मार खाणाऱ्या खेळाडूचा तोल कधीतरी जातोच.
- कार्ड कोणत्या मिनिटाला मिळालं, तेव्हा स्कोअर काय होता.
- मैदानाचा भाग: आपला, मधला की समोरचा.
- कारण: टॅकल, हुज्जत, वेळकाढूपणा, मुद्दाम अडवणूक की आणखी काही.
- रेफ्रीनं त्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून एकूण किती कार्डं दिली.

आठ-दहा सामन्यांनंतर वही बोलू लागते. एखाद्याची कार्डं सतत शेवटच्या वीस मिनिटांत येत असतील, तर तो रागीट असेलच असं नाही, दमत असेल. दमलेला खेळाडू उशिरा पोचतो आणि उशिरा पोचलेला पाय चेंडूऐवजी नडगीवर बसतो. त्याला सल्ला नको, सराव हवा किंवा वेळेवर बदली. एखाद्या बॅकची कार्डं त्याच्या बाजूचा मिडफिल्डर मागं येत नाही म्हणून होत असतील, तर दोष दुसऱ्याचाच आहे. संघ मागं पडल्यावरच कार्डं येत असतील, तर अख्ख्या संघाच्या डोक्याचा प्रश्न आहे.

हुज्जतीची कार्डं मात्र वेगळी काढा. टॅकलचं कार्ड कधी-कधी संघासाठी घ्यावं लागतं. रेफ्रीला उलट बोलून मिळालेल्या कार्डातून संघाला काहीच मिळत नाही. ही कार्डं सर्वांत लवकर कमी करता येतात आणि ती कमी झाली की खेळाडूचा दर आपोआप उतरतो. संघाच्या वतीनं रेफ्रीशी फक्त कर्णधारानं बोलायचं, बाकीच्यांनी मागं फिरायचं, एवढा एक दंडक पाळला तरी फरक पडतो.

किती पिवळ्यांवर बंदी, कधी कार्डं पुसली जातात, गुण समान झाले तर कार्डं मोजली जातात का, हे स्पर्धेगणिक बदलतं. म्हणून स्पर्धा सुरू होण्याआधीच आयोजकांकडून नियम लेखी मागून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. निवड चाचणीला मुलगा पाठवताना ‘याला हंगामात सात कार्डं’ असं कुणी म्हणालं, तर ती सात कार्डं किती मिनिटांत, कोणत्या जागेवर आणि कशासाठी मिळाली, हे प्रशिक्षकाला वही उघडून दाखवता आलं पाहिजे.